त्रुटित कोरीव लेखांची यंत्रकृत पाठपूर्ती

दगड फुटतो तेव्हा त्यावरील वाक्यही फुटते. फुटलेल्या जागी कोणती अक्षरे असावीत हे ठरविणे हा पुराभिलेखविद्येतील फार कष्टाचा आणि, हेही मान्य केले पाहिजे, फार मोहाचा भाग होय. अभ्यासकाने एकेका ओळीवर महिने घालवावेत, त्याच घडणीचे इतर लेख धुंडाळावेत, दगडाचा ठसा पुन्हापुन्हा उजेडात धरावा आणि अखेरीस चौकोनी कंसात पाच-सहा अक्षरे लिहावीत, असा या कामाचा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने हे काम आता क्षणात होऊ शकते, असे प्रतिपादन मार्च २०२२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. यानिस असाएल, थीआ सॉमरशील्ड व त्यांचे सहकारी यांनी त्यात ‘इथाका’ या ग्रीक लेखांसाठी रचलेल्या यंत्रणेचे वर्णन केले आहे. तिच्या आधी, २०१९ साली, याच मंडळींनी ‘पिथिया’ हा पहिला प्रयत्न केला होता. आणि जुलै २०२५ मध्ये लॅटिन लेखांसाठी ‘एनिअस’ ही पुढची यंत्रणा त्यांनी पुढे ठेवली.

यंत्रामुळे संशोधनास वेग येतो हे विधान आज सर्वच शास्त्रांत ऐकू येते. प्रथिनांच्या घडीचे भाकीत करणाऱ्या ‘आल्फाफोल्ड’ने २०२२ पर्यंत सुमारे वीस कोटी रचना उपलब्ध करून दिल्या, आणि त्या कामासाठी डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात डेव्हिड बेकर यांच्यासह वाटा मिळाला. परंतु प्रथिनाच्या रचनेचे भाकीत चुकले तर प्रयोगशाळेत ते पडताळून पाहता येते. अडीच हजार वर्षांपूर्वी फुटून हरवलेला दगडाचा तुकडा पडताळणीसाठी कोठून आणावयाचा? ज्या शास्त्रात भाकिताची तपासणी बहुधा अशक्य असते, तेथे वेगाचे मोल कसे ठरवावे, हा या ग्रंथनाचा खरा प्रश्न आहे. आणि तेथे सामग्री भाषेची असल्यामुळे तो भाषाभ्यासकाच्या अंगणातील प्रश्न आहे.

इथाकेची रचना थोडक्यात अशी. पॅकार्ड मानव्यविद्या संस्थेने संगणकावर आणलेल्या ग्रीक लेखसंग्रहातून ७८,६०८ लेख निवडून ते एका कृत्रिम चेताजालास शिकविण्यात आले. हे लेख इ. स. पूर्व सातव्या शतकापासून इ. स. च्या पाचव्या शतकापर्यंतचे असून ते ८४ प्रदेशांत विभागलेले आहेत. यंत्र प्रत्येक लेख अक्षरशः व शब्दशः अशा दोन्ही प्रकारे एकाच वेळी पाहते आणि तीन उत्तरे देते: गळालेली अक्षरे कोणती, लेख कोणत्या प्रदेशातील, व तो केव्हाचा. स्थळाचे उत्तर शंभरांपैकी सुमारे ७१ वेळा बरोबर येते. काळाच्या उत्तरात सरासरी २९.३ वर्षांचा फरक पडतो, मध्यक मात्र अवघा ३ वर्षांचा. पाठपूर्तीबाबत जे तीन आकडे सर्वत्र उद्धृत झाले ते असे: इतिहासाभ्यासक एकटे असता सुमारे २५ टक्के पूर्ती अचूक, यंत्र एकटे असता ६२ टक्के, आणि यंत्राची सूचना हाताशी घेऊन अभ्यासकाने निर्णय केला असता ७२ टक्के.

यांतील तिसरा आकडा सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि ग्रंथकर्त्यांनी त्यावर भर दिला हे त्यांच्या समतोल बुद्धीचे द्योतक होय. यंत्र संभाव्य वीस पाठ क्रमाने मांडते. त्यांतून निवड माणूस करतो. ही निवड यंत्राच्या पहिल्या पसंतीहून दहा टक्क्यांनी सरस ठरावी, याचा अर्थ त्या निवडीत यंत्राला अवगत नसलेले काही ज्ञान कामास आले. पण पहिल्या आकड्याकडे मात्र थोडे सावधपणे पाहावयास हवे. हे ‘इतिहासाभ्यासक’ म्हणजे ग्रीक इतिहास व पुराभिलेख यांचे सुमारे सात वर्षांचे शिक्षण झालेले दोन पदव्युत्तर विद्यार्थी होते, आणि दोन तासांत सरासरी पन्नास जागा त्यांनी भरल्या. मूळ निबंधात ही गोष्ट स्वच्छ सांगितलेली आहे. तिचा उच्चार न करता ‘यंत्र तज्ज्ञांच्या दुपटीहून अधिक अचूक’ असे लिहिणाऱ्यांनी ती वाचलेली दिसत नाही. एका त्रुटित जागेला दोन-अडीच मिनिटे देणारा पुराभिलेखविद आजवर जन्मला नसावा. म्हणजे जी तुलना झाली ती घाईतल्या माणसाशी यंत्राची झाली. आणि घाईच्या शर्यतीत यंत्र पुढे जाणार, यात नवल ते काय?

याहून गंभीर अडचण कसोटीच्या घडणीत आहे. ज्या अक्षरांवर यंत्राची परीक्षा झाली ती फुटलेली अक्षरे नव्हती. ती शाबूत अक्षरे असून यदृच्छेने झाकलेली होती, एकापासून दहापर्यंत. दुसरा मार्गही नव्हता, कारण उत्तर ठाऊक असल्याशिवाय गुण देता येत नाहीत. परंतु अशा झाकण्याने जे तपासले जाते ते काय? अथेन्समधील कोणताही ठराव घेतला तर त्याचा मोठा भाग साच्यात बसविलेला असतो: परिषदेला व लोकांना असे योग्य वाटले, अमुक कुलाकडे अध्यक्षपद होते, अमुक चिटणीस होता, अमुक व्यक्तीने ठराव मांडला. यदृच्छेने पडणारे झाकण अशा साचेबंद शब्दांवर वरचेवर पडते, आणि तेथे पूर्ती करणे यंत्राला सोपे जाते. इतिहासकाराला हवे असते ते साच्याच्या आत बसविलेले द्रव्य: खंडणीची रक्कम, शहराचे नाव, शपथ घेणाऱ्याचे नाव. अशा जागी आजूबाजूच्या शब्दांवरून अक्षरे काढता येत नाहीत. काढता आली असती तर लेखकाने ती दगडावर खोदण्याचे श्रमच घेतले नसते. एखाद्या शब्दाची अपेक्षा जितकी कमी, तितकी त्यातून मिळणारी माहिती अधिक, हे भाषाविज्ञानात व संदेशविज्ञानात सारखेच मान्य आहे. यंत्राचे सर्व बळ अपेक्षेत आहे. म्हणून बासष्ट टक्क्यांत साचा किती आणि द्रव्य किती, अशी फोड करून दाखविली असती तर तो आकडा कितीतरी अधिक उपयोगी झाला असता.

ग्रीक लेखांची आणखी एक सोय येथे लक्षात घेतली पाहिजे. अभिजात काळातील पुष्कळ ग्रीक लेख ‘स्तोइखेदोन’ पद्धतीने, म्हणजे प्रत्येक अक्षर आडव्या व उभ्या ओळीत चौकटीतल्याप्रमाणे बसवून, खोदलेले आहेत. त्यामुळे एखाद्या जागी नेमकी किती अक्षरे गळाली हे मोजता येते, आणि पूर्ती करणाऱ्याचे निम्मे काम दगडच करतो. लॅटिन लेखांत ही शिस्त नाही. एनिअस लांबी अज्ञात असतानाही जागा भरते ही तिची खरी प्रगती होय. पण तेव्हा तिच्या यशाचे प्रमाण लांबी ठाऊक असतानाच्या ७३ टक्क्यांवरून ५८ टक्क्यांवर येते, आणि हे प्रमाण पहिल्या वीस सूचनांपैकी कोणतीही एक बरोबर असली तरी यश धरून काढलेले आहे.

इथाकेच्या ग्रंथकर्त्यांनी आपल्या यंत्राचे सामर्थ्य दाखविण्यासाठी जे उदाहरण निवडले ते मात्र अत्यंत मार्मिक आहे, आणि त्यावर थोडे थांबणे इष्ट होईल. अथेन्सच्या काही ठरावांत सिग्मा हे अक्षर तीन रेघांनी काढलेले आढळते, पुढील काळात ते चार रेघांनी काढले जाऊ लागले. तीन रेघांचा सिग्मा इ. स. पूर्व ४४६/५ नंतर वापरात राहिला नाही, असा नियम दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. त्यानुसार असा सिग्मा ज्या ठरावात दिसेल तो त्याआधीचा ठरे. वरवर पाहता हा लिपिशास्त्रातील बारकावा वाटतो. पण हे ठराव अथेन्सने अंकित नगरांवर लादलेल्या अटींचे आहेत. ते ४४६ पूर्वीचे असतील तर साम्राज्याची कठोर राजनीती पेरिक्लीसच्या उमेदीच्या काळात जाते. ते वीस-पंचवीस वर्षांनी अलीकडचे असतील तर ती ४३१ मध्ये सुरू झालेल्या पेलोपोनीशियन युद्धाच्या दडपणाखाली, पेरिक्लीसच्या मृत्यूनंतर आली असे म्हणावे लागते. एका अक्षराच्या एका रेघेवर एका राज्यपद्धतीचे चारित्र्य टांगलेले होते.

हॅरल्ड मॅटिंग्ली यांनी १९६१ पासून या नियमाविरुद्ध लिहावयास आरंभ केला, आणि तीस वर्षे त्यांचे मत बहुसंख्य विद्वानांनी मान्य केले नाही. १९९० साली चेंबर्स, गॅलुची व स्पानोस यांनी एगेस्ताशी झालेल्या कराराच्या झिजलेल्या दगडाची लेसरच्या साहाय्याने तपासणी करून त्यावरील अधिकाऱ्याचे नाव ‘अँतिफोन’ असे वाचले. अँतिफोनचे वर्ष ४१८/७ हे निश्चित आहे. आणि त्याच दगडावर तीन रेघांचा सिग्मा आहे. नियम तेथेच कोसळला. इथाकेला या वादातील ठराव शिकवणीत न दाखविता त्यांचा काळ विचारण्यात आला, तेव्हा तिने सरासरी इ. स. पूर्व ४२१ हे वर्ष सांगितले. संग्रहात ४४६/५ म्हणून नोंदलेल्या खाल्किस-ठरावास तिने ४२० हे वर्ष दिले. अलीकडील मत त्यास ४२४/३ चा मानते.

हे फळ निःसंशय लक्षणीय आहे. विशेषतः असे की, यंत्राला सिग्माची रेघ दिसतच नाही. त्याला मिळतो तो आधुनिक छापील अक्षरांत उतरविलेला पाठ. तेव्हा त्याने काळ ठरविला तो शब्द, वर्णलेखन आणि रूपे यांवरून, म्हणजे शुद्ध भाषिक पुराव्यावरून. लिपीच्या आकारावर उभ्या असलेल्या वादात भाषेची साक्ष स्वतंत्रपणे आली, ही भाषाभ्यासकाला समाधान देणारी गोष्ट आहे. पण ती साक्ष नेमकी काय आहे? अॅटिक बोलीत आ-कारान्त नामांच्या बहुवचनी चतुर्थीची जुनी ‘-एसि’, ‘-आसि’ ही रूपे सुमारे ४२० च्या आसपास मागे पडून ‘-आइस’ हे रूप रूढ झाले, असे व्याकरणकार लेखांच्या आधारे दाखवितात. हा युक्तिवाद आहे. त्यास विरोध करणाऱ्याने ४४० मधील निश्चित काळाचा व नव्या रूपाचा एक लेख दाखविला की त्याला धक्का बसतो. ‘४२१’ या उत्तराला असा धक्का देता येत नाही, कारण त्याच्या मागील पायरी दिसत नाही. कोणत्या अक्षरांचा उत्तरावर अधिक भार पडला हे इथाका रंगाने दाखविते, आणि तेवढ्यापुरती ती आपल्या जातीच्या इतर यंत्रांहून प्रामाणिक आहे. पण भार कोठे पडला हे सांगणे निराळे आणि तो का पडला हे सांगणे निराळे.

शिवाय ‘स्वतंत्र’ हा शब्दही तपासून घ्यावा लागतो. वादातील ठराव वगळले तरी उरलेल्या हजारो लेखांचे काळ माणसांनीच ठरविलेले आहेत, आणि त्यांतील कित्येक एकमेकांच्या आधाराने ठरविलेले आहेत. यंत्र ज्यातून शिकले तो विद्वानांच्या मतांचा संग्रह आहे, आणि त्यात गेल्या काही दशकांत सुधारलेली मतेही मिसळलेली आहेत. मॅटिंग्लींच्या हाती १९६१ साली हेच यंत्र असते आणि त्या वेळचे काळनिर्णय त्याला शिकविलेले असते, तर त्याने कोणते वर्ष सांगितले असते? हा प्रयोग करता येण्याजोगा आहे: जुन्या संपादनांतील कालनोंदींवर यंत्र शिकवावे आणि पाहावे. तसे झाल्याखेरीज ४२१ हा आकडा मॅटिंग्लींच्या बाजूची नवी साक्ष आहे की त्यांच्या विजयाचा प्रतिध्वनी आहे, हे सांगणे कठीण आहे.

अनुमानाच्या या यंत्रांशेजारी त्याच सुमारास झालेले एक वेगळ्या जातीचे काम ठेवून पाहिले म्हणजे भेद स्पष्ट होतो. इ. स. ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या उद्रेकात हर्क्युलेनियम येथील एका प्रासादातील पपायरसच्या गुंडाळ्या कोळसा होऊन गेल्या. अठराव्या शतकात त्या सापडल्या. उलगडू जाता बऱ्याचशा तुटल्या. मार्च २०२३ मध्ये ब्रेंट सील्स, नॅट फ्रीडमन व डॅनियल ग्रॉस यांनी न उलगडता क्ष-किरणांच्या चित्रांवरून त्या वाचण्यासाठी बक्षिसे जाहीर केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ल्यूक फॅरिटर या विद्यार्थ्यास पहिला शब्द दिसला, ‘पोर्फिरास’, म्हणजे जांभळा रंग. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो, युसेफ नादर व ज्युलियन शिलिगर यांना पंधरा स्तंभांतील दोन हजारांहून अधिक अक्षरे दृश्य केल्याबद्दल सात लक्ष डॉलरचे मुख्य पारितोषिक मिळाले. मजकूर एपिक्युरसच्या पंथातील असून सुख, अन्न आणि संगीत यांविषयीचा आहे.

येथील यंत्राला ग्रीक येत नाही. ही उणीव हेतुपूर्वक ठेवलेली आहे. ते चित्राचा अगदी लहान तुकडा पाहते आणि या ठिकाणी शाई आहे की नाही एवढेच सांगते. अक्षराचा आकार त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात मावत नाही, मग शब्द दूरच. असे लक्षावधी निर्णय एकत्र मांडल्यावर त्यांतून ‘पोर्फिरास’ उमटतो, आणि तो ग्रीक भाषेतील शब्द आहे हीच वाचनाच्या खरेपणाची खूण ठरते. भाषा न जाणणाऱ्या यंत्राने भाषा दाखवावी, यात पडताळणी अंगभूत आहे. इथाकेने दिलेला शब्द ग्रीक असणारच, कारण ग्रीक नसलेले काही देणे तिच्या स्वभावातच नाही. म्हणून तो ग्रीक आहे यावरून काहीच सिद्ध होत नाही. हर्क्युलेनियम येथे होते ते वाचन. इथाका करते ते अनुमान. दोन्हींनी संशोधन वेगवान होते, पण पहिल्याने पुरावा वाढतो आणि दुसऱ्याने पुराव्याविषयीच्या कल्पना वाढतात. ‘कृत्रिम बुद्धिमत्तेने प्राचीन लेख वाचले’ या एकाच वाक्यात हे दोन्ही व्यापार कोंबले जातात, तेव्हा वाचकाची फसवणूक होते.

एनिअसच्या कर्त्यांना हा भेद अंशतः जाणवला असावा. तिच्यात १,७६,८६१ लॅटिन लेखांचा संग्रह असून, पाठपूर्ती आणि कालनिर्णय यांबरोबर ती प्रस्तुत लेखाशी साम्य असलेले इतर लेख शोधून अभ्यासकापुढे ठेवते. तेवीस इतिहासाभ्यासकांनी तिची परीक्षा केली, आणि दहांपैकी नऊ वेळा ही समांतर स्थळे त्यांना संशोधनाच्या प्रारंभासाठी उपयुक्त वाटली. हा भाग इथाकेच्या सर्व टक्केवारीपेक्षा मोलाचा आहे. समांतर स्थळ म्हणजे दुसरा दगड. तो कोठल्या ना कोठल्या संग्रहालयात उभा असतो, त्याकडे जाता येते, यंत्राने साम्य चुकीचे पाहिले असेल तर ते सोडून देता येते. ज्या शोधासाठी जाडजूड खंड महिनोन्‌महिने चाळावे लागत, तो येथे क्षणात होतो, आणि निर्णय मात्र जागच्या जागी राहतो. सम्राट ऑगस्टसच्या आत्मवृत्तपर लेखाचा काळ विचारला असता एनिअसने एकच वर्ष सांगितले नाही; इ. स. पूर्व १० ते १ आणि इ. स. १० ते २० अशा दोन शक्यता तिने उंचावून दाखविल्या. विद्वानांतही याच दोन बाजू आहेत. वाद आहे तेथे वाद दाखविणारे यंत्र हे एका वर्षावर बोट ठेवणाऱ्या यंत्राहून पुढारलेले समजावे.

राहता राहिला चौकोनी कंस. १९३१ साली लायडन येथे ठरलेल्या संकेतांनुसार संपादकाने पूर्ण केलेली अक्षरे चौकोनी कंसात आणि संशयित अक्षरे खाली बिंदू देऊन छापली जातात. एवढा संकेत असूनही कंसातील मजकूर हळूहळू दगडावरचाच समजला जातो आणि त्यावर इतिहास रचला जातो, याबद्दल अर्न्स्ट बेडियन यांनी १९८९ मध्येच एका निबंधात विद्वानांची कानउघाडणी केली होती. तेव्हा कंस भरणारी माणसे मोजकी होती, त्यांच्या सवयी परस्परांना ठाऊक होत्या. आता कंस भरण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आला आहे. यंत्राने सुचविलेला पाठ छापील आवृत्तीत गेला, ती आवृत्ती पुन्हा संगणकीय संग्रहात आली आणि तो संग्रह पुढच्या यंत्राला शिकविला गेला, तर यंत्र स्वतःचेच अनुमान पुरावा म्हणून शिकेल आणि त्याची अचूकता वर्षागणिक वाढत गेल्याचे दिसेल. संपादकाच्या पूर्तीहून यंत्राची पूर्ती वेगळ्या चिन्हाने दाखविण्याचा संकेत तातडीने ठरविणे आवश्यक आहे. तो संकेत इथाकेच्या निबंधाबरोबरच आला असता तर अधिक शोभले असते.

मराठीच्या अभ्यासकापुढे हा प्रश्न उद्या निश्चित येणार आहे. ग्रीक यंत्राचा वेग हा साठविलेल्या संथपणाचा वेग आहे: बर्लिनच्या अकादमीत बोक यांच्या पुढाकाराने ग्रीक लेखसंग्रहाचे काम १८१५ मध्ये सुरू झाले, लॅटिनचे मोमझेन यांच्या नेतृत्वाखाली १८५३ मध्ये. प्राचीन मराठी कोरीव लेखांचा डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी संपादिलेला संग्रह पुणे विद्यापीठाने १९६३ साली प्रसिद्ध केला. त्यातील लेखसंख्या चेताजालाच्या भुकेपुढे अगदीच अल्प आहे. त्या लेखांतही शकाचा व संवत्सराचा उल्लेख, दानाची भाषा आणि शेवटची शापवाणी एवढे साच्याचे असते. यंत्र ते सहज शिकेल, आणि गधेगाळीवरील शाप एखादे अक्षरही न चुकता पूर्ण करील. दान दिलेल्या गावाचे नाव आणि देणाऱ्याचे नाव मात्र त्याला कधीच सांगता येणार नाही.

अलिबागजवळील अक्षी येथील लेखाचेच पाहावे. त्याचा शक ९३४ असा वाचणारे तो इ. स. १०१२ चा, म्हणजे मराठीच्या आद्य लेखांपैकी एक, मानतात. ११३२ असा वाचणारे त्यास जवळजवळ दोनशे वर्षे अलीकडे आणतात. वाद आकड्यांच्या खुणांचा आहे. यंत्राला पाठ द्यावयाचा तर आधी यांतील एक वाचन टंकावे लागेल. आणि ते टंकले की वादाचा निकाल यंत्राने लावण्यापूर्वीच लागलेला असेल. तेव्हा मराठी लेखांचा संगणकीय संग्रह करावयाचा तर प्रत्येक लेखाचे छायाचित्र व ठसा, निःसंशय अक्षरे, संशयित अक्षरे, प्रत्येक संपादकाची पूर्ती व प्रत्येकाचा कालनिर्णय ही सर्व निरनिराळ्या रकान्यांत, संपादकाच्या नावासह नोंदवावी लागतील. अक्षीच्या लेखासाठी शकाचे रकाने दोन ठेवावे लागतील, आणि ते दोन्ही भरलेले राहतील.